पन्नाशीनंतरचा मेकअप: थर कमी, तयारी जास्त

पन्नाशीनंतर मेकअप बिघडतो तो बहुतेक वेळा जास्त लावल्यामुळे. सुरकुती दिसते म्हणून तिच्यावर एक थर, डाग दिसतो म्हणून आणखी एक, आणि तासाभरात सगळा बेस, म्हणजे फाउंडेशनचा थर, त्याच रेघांमध्ये जाऊन बसतो. एरवी कुणाच्या लक्षातही आली नसती अशी रेघ मग लांबून दिसते. सांगलीत लग्नसराईत मी नवरीची आई, वरमाई, मावश्या, आत्या यांचा मेकअप करते. नवरीच्या मेकअपवर अख्खी सकाळ जाते आणि तिच्या आईला शेवटच्या पंधरा मिनिटांत तोच बेस, तीच पावडर लावून मोकळं केलं जातं. याचं मला मनापासून वाईट वाटतं. तिच्याही आयुष्यातला तो मोठा दिवस असतो, आणि तिच्या त्वचेला नवरीच्या त्वचेपेक्षा वेगळी वागणूक लागते.

वेगळी का, ते आधी समजून घ्या, म्हणजे पुढची प्रत्येक पायरी आपोआप पटेल. पाळी थांबल्यानंतरच्या पहिल्या पाच वर्षांत त्वचेतलं साधारण ३० टक्के कोलेजन, म्हणजे तिला घट्ट ठेवणारं प्रथिन, कमी होतं आणि त्यानंतरही ते हळूहळू कमी होत राहतं. त्वचा पातळ होते, तिचा ताण जातो. तेलग्रंथी मंदावतात, त्यामुळे तरुणपणी तेलकट असलेला चेहराही कोरडा पडतो. वरच्या मृत पेशी लवकर झडत नाहीत, म्हणून चेहरा निस्तेज वाटतो. त्यात आपल्या गव्हाळ-सावळ्या रंगावर वांग आणि डोळ्यांभोवतीचा काळेपणा सुरकुत्यांच्या आधी येतो. म्हणजे आपल्याला खरं काम करायचं आहे ते कोरडेपणावर आणि रंगातल्या फरकावर. सुरकुत्यांना फक्त धक्का लावायचा नाही.

आदल्या आठवड्यात

थ्रेडिंग, वॅक्स, फेशियल कार्याच्या चार-पाच दिवस आधी उरकून घ्या. पातळ त्वचेवरची लाली लवकर उतरत नाही, आणि लाल त्वचेवर कुठलाच बेस नीट बसत नाही. रात्री सुरकुत्या-डागांसाठी रेटिनॉलचं किंवा डॉक्टरांनी दिलेलं ट्रेटिनॉइनचं क्रीम लावत असाल तर पार्लरमध्ये ते आधी सांगा. अशा त्वचेवर वॅक्स केलं तर साल निघते.

नवीन घेतलेलं काहीही कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक-दोन दिवस बघा. खाज, पुरळ, आग काहीही झालं तर ते चेहऱ्याला लावू नका, मग ते कितीही महाग असो.

आता हळदीबद्दल. सांगलीच्या हळदीचं नाव देशभर आहे, २०१८ साली तिला भौगोलिक मानांकनही मिळालं, आणि आपल्या घरच्या लग्नात ती हात आखडून लावलीच जात नाही. आई-मावश्यांच्या गालांवरही चांगली रंगते. दुसऱ्या दिवशी त्या पिवळ्या झाकेवर फाउंडेशन लावलं की शेड चुकलेली दिसते, आणि मग ती लपवायला पुन्हा थर चढतो. हळदीचा रंग तेलात विरघळतो, पाण्यात फारसा नाही. म्हणून संध्याकाळीच खोबरेल तेल किंवा दुधाची साय लावून, दोन मिनिटं हलक्या हाताने फिरवून, ओल्या मऊ कापडाने पुसा. अंगाच्या साबणाने घासू नका. हळद साबणाने लालसर होते हे आपण कपड्यांवर पाहिलेलंच आहे, आणि साबण चेहरा आणखी कोरडा करतो.

शेड कुठे बघायची

मनगटावर नाही. जबड्याच्या कडेला, गाल आणि मान जिथे मिळतात तिथे दोन-तीन शेडच्या बारीक रेघा ओढा आणि दुकानाबाहेर उजेडात येऊन पहा. जी रेघ दिसेनाशी होते ती तुमची. दुकानातल्या पांढऱ्या दिव्याखाली सगळ्याच शेड बऱ्या वाटतात. एक-दोन शेड गोरी घेण्याचा मोह टाळा. आपल्या रंगावर ती राखाडी दिसते, मान वेगळी नि चेहरा वेगळा होतो, आणि वयही वाढलेलं वाटतं.

चेहऱ्याची तयारी

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. सौम्य फेसवॉशने चेहरा धुवा, टॉवेलने टिपा, किंचित ओला असतानाच मॉइश्चरायझर लावा. ग्लिसरीन किंवा हायलुरॉनिक अ‍ॅसिड असलेलं चांगलं, कारण ते पाणी धरून ठेवतं. डोळ्यांखाली अनामिकेने अगदी थोडं. मग पाच-दहा मिनिटं थांबा. या वेळात साडीच्या निऱ्या घालून होतात. त्यानंतर मान आणि कानांसकट एसपीएफ ३० किंवा त्याहून जास्तीचं सनस्क्रीन, आणि पुन्हा थोडं थांबणं. घाई केली तर बेस लावताना चेहऱ्यावर मळासारख्या बारीक वळ्या सुटतात, आणि मग सगळं धुऊन पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

प्रायमर, म्हणजे बेसआधी त्वचा गुळगुळीत करणारं क्रीम, हवाच असं नाही. नाकाच्या बाजूची रंध्रं मोठी असतील तर तेवढ्याच जागी, वाटाण्याहून कमी.

बेस

खिडकीकडे तोंड करून बसा. मोठं दाखवणारा आरसा बेसच्या वेळी बाजूला ठेवा. त्यात प्रत्येक छिद्र दिसतं आणि हात थांबत नाही.

घट्ट, मॅट म्हणजे अजिबात चमक नसलेलं फाउंडेशन टाळा. पातळ द्रवरूप, सॅटिन फिनिशचं म्हणजे हलकी चमक ठेवणारं, किंवा नुसतं रंग असलेलं मॉइश्चरायझर पुरतं. स्पंज भिजवून घट्ट पिळा. फाउंडेशनचे ठिपके नाकाच्या बाजूला, कपाळाच्या मध्यावर आणि हनुवटीवर द्या, आणि स्पंजने दाबत-दाबत बाहेरच्या बाजूला न्या. ओढायचं नाही, दाबायचं. जबड्याकडे येईपर्यंत ते जवळजवळ संपलेलं असावं. डोळ्यांच्या कडेला आणि ओठांच्या बाजूच्या हसऱ्या रेघांवर वेगळं लावूच नका. स्पंजवर उरलेलं तिथे पुष्कळ होतं.

डोळ्यांखालचा काळेपणा आणि वांग यावर थेट फिकट कन्सीलर लावला तर तो भाग राखाडी दिसतो. आधी काळेपणाचा रंग मारणारा पीच किंवा नारिंगी करेक्टर लावा. सावळ्या रंगाला नारिंगीकडे झुकणारा, उजळ रंगाला पीच. तोही फक्त काळ्या भागावर, नखाएवढा, बोटाच्या उबेने जिरवून. त्यावर त्वचेच्याच शेडचा कन्सीलर. एवढं करून ८० टक्के डाग झाकला गेला तर थांबा. उरलेल्या २० टक्क्यांसाठी जो थर चढतो, तोच नंतर फाटतो.

पावडर फक्त कपाळाचा मध्य, नाक आणि हनुवटी. एप्रिल-मेच्या उकाड्यात घामाच्या भीतीने डोळ्यांखाली भरपूर पावडर दाबून ठेवतात, पण तिथली त्वचा आधीच कोरडी असते आणि दुपारपर्यंत जाळी पडते. शिवाय सिलिका असलेली पांढरी पारदर्शक पावडर जास्त झाली की फ्लॅशच्या फोटोत डोळ्यांखाली पांढरे ठसे उमटतात. घरीच मोबाइलचा फ्लॅश लावून एक फोटो काढून बघा, म्हणजे अल्बममध्ये ते दिसणार नाहीत.

गाल

माझ्या मते या वयात चेहरा उजळवणारी ही एकच गोष्ट आहे. बाकी सगळं वगळलं तरी ही वगळू नका. क्रीम ब्लश घ्या, पावडरचा नको. हसून गालाच्या गोळ्यावर लावायची जुनी पद्धत सोडा. हसणं थांबलं की गाल खाली येतो आणि रंगही त्याबरोबर घसरतो. चेहरा स्थिर ठेवून, गालाच्या हाडाच्या वरच्या बाजूला, डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याखालून कानशिलाकडे बोटाने दाबत न्या. गव्हाळ रंगाला कोरल किंवा विटकरीकडे झुकणारा गुलाबी, सावळ्या रंगाला गडद डाळिंबी. फिकट बेबी पिंक आपल्याकडे खडू लावल्यासारखा दिसतो.

भुवया आणि डोळे

भुवया विरळ होतात, विशेषतः शेपटाकडे. काळ्याकुट्ट पेन्सिलने सलग रेघ न ओढता गडद तपकिरी पेन्सिलने केसांसारख्या छोट्या रेघा मारा आणि ब्रशने विंचरा. इथे मात्र मोठं दाखवणारा आरसा घ्या.

पापण्या थोड्या खाली आलेल्या असतील तर डोळे मिटून लावलेली आयशॅडो डोळे उघडल्यावर घडीत गडप होते. सरळ आरशात बघत, डोळे उघडे ठेवून, घडीच्या किंचित वर मॅट तपकिरी छटा द्या. चमक हवीच असेल तर पापणीच्या मधोमध, एक बोट टेकवण्याएवढी.

खालच्या पापणीत भरून काजळ घालायची आपली सवय. त्याने डोळा लहान दिसतो, आणि उकाड्यात काजळ पसरून काळेपणा वाढतो. तेच काजळ वरच्या पापणीच्या केसांच्या मुळाशी भरा. डोळे ठसठशीत दिसतात आणि रेघ डळमळली तरी कळत नाही. मस्कारा फक्त वर. उघडल्यापासून तीन महिन्यांनी तो टाकून द्या, गेल्या लग्नातला या लग्नाला नको. जवळचं पाहायचा चष्मा कायम वापरत असाल तर त्याचं भिंग डोळे मोठे दाखवतं, त्यामुळे लायनर आणखी बारीक ठेवा.

ओठ, नथ, टिकली

ओठांच्या कडेच्या उभ्या रेघांत लिपस्टिक झिरपते. बाम लावून दहा मिनिटांनी टिपून काढा, ओठांच्याच रंगाच्या लिप पेन्सिलने कड आखा, त्यात सॅटिन लिपस्टिक भरा, टिश्यूने टिपा आणि पुन्हा एक हात द्या. अगदी मॅट रंग ओठ आक्रसल्यासारखे दाखवतो. नथ सगळ्यात शेवटी, नाहीतर मोत्यांना लिपस्टिक लागते.

हे सगळं झाल्यावर आरशापासून हातभर मागे सरका आणि तिथून बघा. सांगली नाट्यपंढरी आहे, १८४३ साली इथल्या दरबारात मराठी नाटक उभं राहिलं, आणि रंगभूमीचा रंग शेवटच्या रांगेला दिसावा म्हणून ठळक असतो. मंगल कार्यालयात विहीणबाई मात्र हातभर अंतरावर उभ्या राहून ओटी भरतात. त्यांना दिसेल तेवढं नीट असलं की झालं. घाम आला तर पुसू नका, टिश्यूने टिपा. पंगतीनंतर टच-अप करताना पावडरचा नवा थर न देता ओलसर स्पंज रेघांवर दाबा, साठलेला बेस सपाट होतो.

रात्री कितीही दमलात तरी मेकअप काढल्याशिवाय झोपू नका. आधी क्लिन्झिंग बाम किंवा खोबरेल तेल, मग सौम्य फेसवॉश, मग मॉइश्चरायझर. डोळ्यांवर भिजवलेला कापूस अर्धा मिनिट ठेवून मग खाली ओढा, चोळू नका. टिकली आरशावर न चिकटवता फेकून द्या आणि कपाळावरचा गोंद तेलाने पुसा. काही टिकल्यांच्या गोंदात पॅरा-टर्शियरी ब्यूटाइल फिनॉल नावाचं रसायन असतं. वर्षानुवर्षं त्याच जागी ते लागत राहिलं तर काहींच्या कपाळावर पांढरा डाग पडतो. आपल्या आज्या मेणावर पिंजर लावायच्या, ते मेण-कुंकू अजूनही मिळतं. खाज किंवा फिकट ठिपका दिसायला लागला तर त्याच दिवसापासून टिकली बंद करा. त्यावर कन्सीलर लावत बसू नका, त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.