मोठ्या संख्येचे अवयव पाडताना या चुका टाळा

पंधरा-वीस अंकी संख्या हातात आली की नवशिक्यांना निकालाची घाई: मूळ संख्या आहे का, विभाजक किती, पूर्ण वर्ग आहे का? संख्या नीट उतरवली आहे का, हे मात्र कोणी बघत नाही.

एका मुलाने मला सतरा अंकी संख्येचे अवयव पाठवले होते. सुरुवातच २² × ५². दिलेल्या संख्येच्या शेवटी ३७! विषम संख्येला ४ ने भाग गेलाच कसा? त्याची रीत ओळीने तपासली, तीत खोट नव्हती. घोळ स्प्रेडशीटमध्ये होता. तिथे संख्या म्हणून भरलं की पहिले पंधरा अंकच टिकतात, पुढच्यांची शून्यं होतात. ३७ चे ०० झाले आणि पठ्ठ्याने भलत्याच संख्येचे अवयव मन लावून पाडले. मी मोठी संख्या मजकूर म्हणूनच ठेवतो आणि चिकटवल्यावर शेवटचे अंक ताडून बघतो. पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेत पूर्णांक कितीही मोठा चालतो, पण भागाकाराला एकच तिरकी रेघ वापरलीत तर उत्तर दशांशात जातं आणि तेच दुखणं परत. दोन रेघा द्या.

दुसरी चूक माझ्या खास रागातली. २, ३, ५, ७, ११ ने भाग जात नाही, म्हणून संख्या मूळ! ४२९४९६७२९७ घ्या. ही मूळ असावी असं सतराव्या शतकातल्या खुद्द फर्मा या फ्रेंच गणितज्ञाला वाटलं होतं. १७३२ मध्ये ऑयलरने दाखवलं की ती ६४१ × ६७००४१७ आहे. पहिल्या शंभर मूळ संख्यांनी भागून बघणारा ५४१ वर थांबतो, म्हणजे त्यालाही हा अवयव सापडत नाही. वर्गमूळापर्यंत जायलाच हवं, इथे ६५५३६ पर्यंत. तेवढा दम नसेल तर ‘५४१ पर्यंत अवयव नाही’ एवढंच लिहा.

फर्माची कसोटी लावून सुटका होईल असंही समजू नका. तीत एक पाया घेऊन त्याचा (संख्या − १) वा घात करतात आणि संख्येने भागल्यावर बाकी १ येते का बघतात; विषम मूळ संख्येला पाया २ घेतला तर ती येतेच. पण पाया २ घेतला तर ३४१ ही कसोटी आरामात पार करते, आणि ३४१ म्हणजे ११ × ३१.

४ आणि ६ ने भाग गेला म्हणून २४ ने जाईलच असं नाही; ३६ बघा.

अंकांच्या बेरजेची युक्ती ३ आणि ९ साठी आहे, ७ साठी नाही.

विभाजक मोजताना घातांकात १ मिळवून मग गुणाकार: ३६० = २³ × ३² × ५, म्हणून ४ × ३ × २ = २४.

कॅल्क्युलेटरने वर्गमूळ पूर्णांक दाखवलं म्हणजे पूर्ण वर्ग सापडला असं नाही. १०¹⁸ + १ चं वर्गमूळ तो बिनदिक्कत १०⁹ दाखवेल. उत्तराचा वर्ग करून बघा, तोही कागदावर.

अवयव पाडून झाले की मी नवांची बाकी, म्हणजे ९ ने भागून उरणारी बाकी, ताडतो. ६४१ ची २, ६७००४१७ ची ७, गुणाकार १४, म्हणजे ५. ४२९४९६७२९७ ची बाकीही ५. जुळली म्हणून उत्तर बरोबरच असं नव्हे, पण जुळली नाही तर ते नक्की चूक.