डिस्लेक्सिया असलेल्या मुलाची शिकवणी: या चुका टाळा

तिसरी-चौथीतलं मूल. बोलायला चुणचुणीत, गोष्ट सांगायला बसलं की थांबत नाही, पण पुस्तक उघडलं की अडतं. शाळा सुचवते, तपासणी होते, अहवालात डिस्लेक्सिया, म्हणजे वाचन-लेखन शिकण्यातली अडचण, असं लिहून येतं. घरातला पहिला निर्णय शिकवणीचा असतो. आणि बहुतेक घरांत पहिली चूक इथेच होते, कारण लावली जाते ती नेहमीचीच शिकवणी.

नेहमीच्या शिकवणीत शाळेत सकाळी झालेलं संध्याकाळी पुन्हा होतं. धड्याखालची प्रश्नोत्तरं, पाठांतर, वही पूर्ण करणं. पण या मुलाचं वाचन चौथीत नाहीच, ते पहिलीच्या शेवटाशी अडकलेलं असू शकतं. काना-मात्रा येतात, वेलांटी आणि उकारात गोंधळ होतो, जोडाक्षर दिसलं की मूल ते गाळून पुढच्या शब्दावर जातं. अशा मुलाकडून चौथीचा धडा रोज दोनदा वाचून घेतला तर ते वाचायला शिकत नाही, अंदाज बांधायला शिकतं. चित्रावरून, पहिल्या अक्षरावरून, बाईंच्या चेहऱ्यावरून.

अशा मुलाला हवी ती रेमेडिअल, म्हणजे राहून गेलेलं भरून काढणारी, शिकवणी. तिच्यात इयत्ता बाजूला ठेवावी लागते. मूल जिथे अडलं आहे तिथे परत जायचं आणि तिथून एकही पायरी न गाळता वर यायचं. १९३० च्या दशकात अमेरिकेत मेंदूविकारतज्ज्ञ सॅम्युएल ऑर्टन आणि शिक्षिका ॲना गिलिंगहॅम यांनी या कामाची जी पद्धत बसवली, तिच्या पायावर आजही बरंच काम चालतं. ध्वनी तोंडाने म्हणायचा, अक्षर डोळ्यांनी बघायचं, बोटाने गिरवायचं, तिन्ही एकाच वेळी. नियम उघड सांगायचा, मुलाच्या तो आपोआप लक्षात येईल अशी आशा धरायची नाही. जुन्या शाळांतली धूळपाटी या कामाला आजही उत्तम. ताटात रवा पसरला तरी चालतं.

'चौथीतल्या मुलाला बाराखडी?' हा प्रश्न आईबाबांच्या मनात येतोच, आणि त्यामागची काळजी खरी असते. उपाय असा, की दोन कामं वेगळी ठेवा. परिसर अभ्यास, इतिहास, गोष्टी हे सगळं मुलाला वाचून दाखवा, त्यावर तोंडी बोला, ऐकण्याच्या रेकॉर्डिंगचा वापर करा. त्याचं ज्ञान वाचनाच्या वेगावर अडून राहता कामा नये. रेमेडिअलचा तास मात्र फक्त वाचनलेखनाचा. परीक्षा आली म्हणून तो तास उत्तरं पाठ करण्यात घालवू नका.

पाठ झालेल्याला वाचन समजू नका

या मुलांचा धडा पुष्कळदा नुसता ऐकूनच पाठ होतो. वर्गात चार वेळा ऐकलेला धडा ती पुस्तकावर बोट फिरवत धडाधड म्हणतात आणि घरचे निश्चिंत होतात. तपासायचं असेल तर तोच धडा शेवटच्या ओळीकडून वरती वाचायला सांगा. किंवा अर्थ नसलेले शब्द लिहून द्या: 'टिमू', 'गोळप', 'झुकेर', 'नर्दा'. ते वाचता आले तर मूल खरोखर अक्षरं वाचतं आहे. नाही आले तर नेमकं कुठे अडलं ते लगेच कळतं. शिकवणीच्या पहिल्याच आठवड्यात हे व्हायला हवं.

'मराठी सोपी आहे, ती येईल आपोआप'

हा समज सगळ्यात जास्त नुकसान करतो असं माझं मत आहे. मराठी बरीचशी बोलावी तशी लिहिली जाते, म्हणून डिस्लेक्सिया असलेलं मूलही मराठीत खूप चुका न करता वाचू शकतं. फक्त ते फार हळू वाचतं. जर्मन, इटालियन अशा उच्चाराबरहुकूम लिहिल्या जाणाऱ्या भाषांतही संशोधकांना हेच दिसलं आहे: चुका कमी, वेग खूप कमी. त्यामुळे 'वाचतो की बरोबर, जरा सावकाश' म्हणत दोन वर्षं निघून जातात.

शिवाय देवनागरीत अवघड जागा आहेत, त्या शिकवणाऱ्याला माहीत हव्यात. पहिली वेलांटी लिहायची आधी आणि उच्चारायची नंतर. 'र' तर 'चक्र', 'ट्रक', 'सूर्य' आणि 'दुसऱ्या' या चार शब्दांत चार रूपं घेतो, आणि 'सूर्य'मधला रफार ज्या अक्षराच्या डोक्यावर बसतो त्याच्या आधी उच्चारला जातो. 'चार' आणि 'चाक' यांतला च लिहायला एक, बोलायला वेगळा. मोठ्यांना हे खटकतही नाही. अडलेल्या मुलाला यातली प्रत्येक गोष्ट वेगळी, एका वेळी एक, भरपूर उदाहरणांसह शिकवावी लागते. सगळी जोडाक्षरं एका आठवड्यात 'उरकली' तर ती महिनाभरात पुसली जातात.

आणि अक्षरांच्याही आधी कान. डिस्लेक्सियाचा गाभा बहुतेक मुलांत डोळ्यांत नसून शब्दातले ध्वनी सुटे करण्यात असतो. 'कमळ'मधून 'क' काढला तर काय उरलं? 'पाटी'तला 'प' काढून 'म' घातला तर? हे खेळ पाटीपेन्सिलशिवाय, जेवताना, रिक्षात खेळता येतात. भेंड्याही चालतील, फक्त गाण्यांऐवजी शब्दांच्या. ज्या मुलाला हे जमत नाही त्याला थेट वाचन देऊ नका, आधी इथे थांबा.

'हा शब्द दहा वेळा लिही'

दहापैकी पहिला चुकला की उरलेले नऊ त्याच चुकीचा सराव करतात. लिहायला लावण्याआधी चूक कोणती आहे ते बघा. 'घर'चं 'धर' झालं तर गोंधळ आकाराचा आहे. तीच गत भ-म, थ-य यांची. ही अक्षरं एकाच दिवशी शिकवू नका, एक पक्कं होऊ द्या, मग दुसरं. 'घर'चं 'गर' आणि 'धार'चं 'दार' झालं तर गोंधळ कानाचा आहे. तिथे तळहात तोंडासमोर धरून घ, ध म्हणताना लागणारी हवा जाणवून द्यावी लागते, लिहून काही होत नाही. 'प्रकाश'चं 'पकाश' झालं तर जोडाक्षरातला ध्वनीच ऐकू आलेला नाही. शब्द टाळ्या वाजवत फोडा, मग लिहा. ह्रस्व-दीर्घाच्या चुकांकडे मात्र पहिली काही वर्षं काणाडोळा करा. त्या चांगल्या वाचणाऱ्यांच्याही होतात, आणि लाल शाईने भरलेली वही बघून लिहिणंच सोडून देणारी मुलं कमी नाहीत.

इंग्रजीची घोकंपट्टी

'सी-ए-टी कॅट' म्हणून घेतल्याने मुलाला अक्षरांची नावं येतात, ध्वनी येत नाहीत. या तीन नावांतून 'कॅट' हा उच्चार कसा निघाला हे डिस्लेक्सिया असलेल्या मुलाला कळायला काहीच मार्ग नसतो. इंग्रजीसाठी ध्वनीवर आधारलेली फोनिक्सची क्रमवार शिकवणी हवी, आणि नियमात न बसणारे शब्द वेगळ्या यादीत. महाराष्ट्रात २०२० च्या कायद्याने सगळ्या शाळांत पहिली ते दहावी मराठी सक्तीची झाली. म्हणजे इंग्रजी माध्यमातल्या मुलाला दोन लिप्या पेलाव्याच लागतात. दोन्ही एकाच तासात कालवू नका. ज्या लिपीत शाळेचे जास्त विषय आहेत तिला जास्त तास द्या, दुसरीला थोडे पण ठरलेले.

रंगीत काचांचे चष्मे, डोळ्यांचे व्यायाम, स्मरणशक्तीची टॉनिकं यांवर पैसे घालवू नका. चष्म्यांबाबत आणि डोळ्यांच्या व्यायामांबाबत अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी २००९ मध्येच एकत्र निवेदन काढून सांगितलं की त्यांना पुराव्याचा आधार नाही. डोळे आणि कान एकदा नीट तपासून घ्या, ते वेगळं.

तीन महिने झाले, फरक नाही

शिकवणी बदलण्याआधी काही गोष्टी बघा. तास आठवड्यातून एकदाच आहे का? दीड तास एकदा बसण्यापेक्षा अर्धा-पाऊण तास तीन-चारदा कितीतरी कामाचं. शाळा, व्हॅन, दुसरे क्लास आटोपून रात्री आठला दमलेलं मूल बसतं आहे का? एका वेळी सहा मुलं आहेत का? लक्ष टिकत नसेल तर डॉक्टरांना एडीएचडीबद्दल, म्हणजे अवधान टिकवण्याच्या आणि अतिचंचलतेच्या विकाराबद्दल, विचारा, तो डिस्लेक्सियासोबत पुष्कळदा असतो.

आणि फरक मोजता कशाने? परीक्षेच्या गुणांत तो उशिरा दिसतो. दर आठवड्याला मुलाच्या पातळीचा, न पाहिलेला छोटा उतारा एक मिनिट वाचून घ्या आणि बरोबर वाचलेले शब्द वहीत लिहा. आकडा वर सरकत असेल तर धीर धरा. सहा-आठ आठवडे जागचा हलला नाही तर शिक्षकांशी बसून पायरी खाली आणा. असा आकडा ठेवायला जे नाखूश असतात त्यांच्याकडे मूल ठेवू नये, असं मी स्पष्ट सांगते. शिकवणाऱ्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे, विशेष शिक्षक म्हणून नोंदणी आहे का हे विचारायला संकोच करू नका.

वाचन अचूक झालं की शिकवणी बंद करणं हीही चूक. अचूकपणा आधी येतो, वेग नंतर. त्या मधल्या काळात तोच उतारा तीन-चार वेळा वाचण्याचा सराव लागतो.

प्रमाणपत्र दहावीत आठवतं

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता समाविष्ट आहे, आणि डिस्लेक्सिया त्यातच येतो. मुंबईत शीव, नायर, केईएम या रुग्णालयांत तपासणी आणि प्रमाणपत्राची सोय आहे, पण नंबर लागायला वेळ जातो. त्यामुळे आठवी-नववीतच हालचाल करा आणि सवलतींचा अर्ज शाळेमार्फत वेळेत जाऊ द्या. केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत तासाला किमान २० मिनिटं जादा वेळ सांगितला आहे, म्हणजे तीन तासांच्या पेपरला पूर्ण एक तास. पण प्रमाणपत्र मिळालं म्हणून वाचन शिकवणं थांबवू नका. सवलत परीक्षेपुरती असते.

लेखनिक घेणार असाल तर त्याचा सराव नववीपासून हवा. उत्तर मनात जुळवून, विरामचिन्हांसकट, दुसऱ्याला लिहिता येईल अशा वेगाने सांगणं हे वेगळं कौशल्य आहे. घरातल्या कुणालातरी लेखनिक करून जुन्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवा. मुलाने सांगितलं तेवढंच लिहायचं, आपल्या मनाचा एक शब्दही घालायचा नाही, हे त्या लिहिणाऱ्यालाही आधीच सांगून ठेवा.