जहाजाची यादी नाही? मुलांच्या नावांचा क्रम बघा

१७७६ च्या आधी स्कॉटलंडहून नॉर्थ कॅरोलायनाला गेलेल्या पूर्वजाचं मूळ गाव शोधताना बहुतेक जण प्रवासी याद्यांपाशी अडकतात. अमेरिकेत अशा याद्या नियमितपणे जमा होऊ लागल्या त्या १८२० पासून. त्याआधीची हाती लागली तर नशीब! म्हणून उलट्या बाजूनं या.

१. अमेरिकेतली मृत्युपत्रं, जमिनीची खतं, कबरींवरचे लेख यांतून मुलांची नावं जन्मक्रमानं लिहून काढा.

२. जुना स्कॉटिश रिवाज लावा. थोरल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं नाव, दुसऱ्याला आईच्या वडिलांचं, तिसऱ्याला वडिलांचंच. थोरल्या मुलीला आईच्या आईचं, दुसरीला वडिलांच्या आईचं, तिसरीला आईचं. (नातवाला आजोबांचं नाव, हे आपल्याला काही नवं नाही.) यावरून मुलांच्या चारही आजी-आजोबांच्या, म्हणजे पूर्वजाच्या आणि त्याच्या बायकोच्या आईवडिलांच्या नावांचा अंदाज येतो.

३. आता स्कॉटलंड्सपीपल या सरकारी संकेतस्थळावर जुन्या पॅरिश (म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीतल्या) नोंदींत पूर्वजाचा बाप्तिस्मा शोधा. त्याच्या आईचं माहेरचं आडनाव ठाऊक असेल तर टाकाच. ढीगभर जॉन मॅकडोनाल्डांतून वाट त्यानंच निघते. सूचीत शोधायला पैसे पडत नाहीत, मूळ पान उघडायला पडतात. तेव्हा आधी नावं गाळून घ्या.

मात्र हा क्रम म्हणजे पुरावा नव्हे. सगळी कुटुंबं तो पाळत नसत, शिवाय मूल दगावलं की तेच नाव पुढच्या बाळाला दिलं जाई. हायलँड्समधल्या, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या, कित्येक पॅरिशच्या नोंदी तर फार उशिरा सुरू होतात.