पावसाळ्यात शोभिवंत माशांच्या टाक्या : यूव्ही दिव्यावर किती भिस्त ठेवावी?

जून ते सप्टेंबर हे चार महिने शोभिवंत मासे पाळणाऱ्यांना जड जातात. दिवसा उमस, रात्री गारठा, आठवडा आठवडा ऊन नाही, नळाला गढूळ पाणी आणि त्यात विजेचा लपंडाव. टाकीतले तापमान एका रात्रीत दोन-तीन अंशांनी उतरते, मासे सुस्तावतात आणि चार-पाच दिवसांत परांवर मिठाच्या कणाएवढे पांढरे ठिपके दिसू लागतात. मग दुकानाकडे धाव. हल्ली दुकानदार औषधाच्या बाटलीसोबत यूव्ही स्टरिलायझर, म्हणजे अतिनील किरणांनी पाण्यातले जंतू मारणारा दिवा, हाही काढून दाखवतो आणि सांगतो, हा लावा, रोग फिरकणारच नाही.

यात अर्धे तथ्य आहे. यूव्ही चांगले साधन आहे, पण ते पाण्यावर काम करते, माशावर नाही. जो जंतू पाण्याबरोबर दिव्याजवळून जाईल तेवढाच मरतो. माशाच्या कातडीत शिरलेला, वाळूत पडून राहिलेला किंवा काचेला चिकटलेला जंतू दिव्यापर्यंत पोचतच नाही. विकत घेण्याआधी एवढे लक्षात घेतले तर पैसेही वाचतात आणि मासेही.

यंत्राची रचना साधी असते. प्लास्टिकच्या जाड नळकांड्यात क्वार्ट्झची नळी, तिच्या आत दिवा, आणि दोन्हींच्या मधल्या पोकळीतून वाहणारे पाणी. दिव्यातून मुख्यतः २५४ नॅनोमीटर तरंगलांबीचे अतिनील किरण निघतात. ते जीवाणू, शेवाळ आणि परजीवी यांच्या डीएनएत बिघाड करतात, त्यामुळे पेशीचे विभाजन थांबते. साध्या काचेतून हे किरण पार होत नाहीत, म्हणून क्वार्ट्झ लागते. ही नळी फुटली तर तिच्या जागी साधी काचेची नळी बसवून देणारे लोक आहेत. तशा यंत्रातून निळा उजेड पडतो, काम मात्र शून्य.

पांढऱ्या ठिपक्यांचे गणित

दुकानात ज्याला ‘इच’ म्हणतात तो इक्थिओफ्थिरिअस हा परजीवी पावसाळ्यात सर्वांत जास्त नुकसान करतो. माशावर दिसणारा ठिपका म्हणजे कातडीखाली पोसला जाणारा परजीवी. वाढ पूर्ण झाली की तो माशावरून गळून तळाशी जातो, स्वतःभोवती कवच करतो आणि आत शेकडो पिल्ले तयार होतात. कवच फुटले की ही पिल्ले पोहत मासा शोधतात. एक-दोन दिवसांत मासा सापडला नाही तर ती मरतात. औषध लागू पडते ते मुख्यतः या पोहणाऱ्या अवस्थेवर, आणि यूव्हीलाही तेवढीच खिडकी मिळते.

आता २०० लिटरची टाकी घ्या आणि यूव्हीतून तासाला २०० लिटर पाणी जाते असे धरा. तासाभरात सगळे पाणी दिव्याखालून गेले असे वाटते, पण तसे होत नाही. बाहेर आलेले स्वच्छ पाणी पुन्हा त्याच टाकीत मिसळते, आणि काही पाणी दोनदा-तीनदा जाते तर काही एकदाही जात नाही. तासाअखेर सुमारे ३७ टक्के पाणी दिव्याकडे गेलेलेच नसते, तीन तासांनंतरही ५ टक्के उरते. दहा-बारा मासे असलेल्या लहान टाकीत पिल्लाला मासा गाठायला एवढा वेळ लागत नाही. म्हणून एकट्या घरगुती टाकीत यूव्हीने इच बरा होतो, या दाव्यावर विसंबू नका. प्रादुर्भावाचा जोर कमी होतो, इतकेच.

ठिपके दिसल्यावर मूळ उपाय तेच जुने. हीटरने तापमान हळूहळू, दिवसाला एक-दोन अंश असे वाढवत २८ ते ३० अंशांवर न्या. उष्णतेने परजीवीचे चक्र लवकर पूर्ण होते आणि त्याची उघडी अवस्था लवकर हाती येते. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो, तेव्हा एअर पंप वाढवा. गोल्डफिश आणि कोई थंड पाण्याचे मासे आहेत, त्यांना ३० अंशांपर्यंत ताणू नका. गप्पी-मॉलीला लिटरमागे २ ते ३ ग्रॅम आयोडीन नसलेले जाडे मीठ सोसते, कोरिडोरास आणि टेट्रांना मात्र मीठ बेताने. ठिपके गेले की लगेच उपचार थांबवण्याची घाई होते. त्यानंतरही किमान आठवडाभर उपचार चालू ठेवा, कारण तळाशी कवचे शिल्लक असतात.

मिथिलीन ब्लू, मॅलाकाइट ग्रीन किंवा प्रतिजैविक सोडले असेल तर त्या दिवसांत यूव्ही बंद ठेवा. किरणांनी औषधाचे विघटन होते आणि बाटलीवरची मात्रा फुकट जाते. बाटलीतले उपयुक्त जीवाणू टाकल्यावरही दोन दिवस बंद. जाता जाता एक सूचना, शेततळ्यात खाण्याचे मासे आणि शेडमध्ये शोभिवंत मासे अशी जोड असलेल्यांसाठी : मॅलाकाइट ग्रीन खाण्याच्या माशांना वापरायचे नाही, आणि त्या टाकीचे पाणीही तळ्याकडे सोडायचे नाही.

मग यूव्ही कुणाला लागतो?

ज्यांच्या शेडमध्ये अनेक टाक्यांचे पाणी खालच्या एकाच साठवण टाकीत, म्हणजे सम्पमध्ये, येते आणि गाळून पुन्हा सगळीकडे जाते, त्यांनी यूव्ही नक्की लावावा. अशा रचनेत एका टाकीतला रोग दुसरीकडे जायचा तर पाण्याला दिव्याखालूनच जावे लागते. परतीच्या मुख्य नळीवर योग्य क्षमतेचा यूव्ही असेल तर एका टाकीतला इच वीस टाक्यांत पसरत नाही. विक्रेत्यांच्या काचेच्या रांगांनाही हेच लागू.

याउलट ज्यांची प्रत्येक टाकी वेगळी आणि स्पंज फिल्टरवर आहे, त्यांच्याकडे रोग पाण्यातून पसरत नाही. तो पसरतो हाताच्या जाळीतून. एकच जाळी सकाळपासून सगळ्या टाक्यांत फिरते. तिथे यूव्हीपेक्षा प्रत्येक रांगेला वेगळी जाळी आणि ती बुडवायला पोटॅशियम परमँगनेटची बादली ठेवलेली बरी. खर्च जवळजवळ नाही.

घरच्या एखाद्या टाकीसाठी यूव्ही ऐच्छिक आहे. डिस्कससारखे महागडे मासे असतील किंवा पाणी वारंवार हिरवे होत असेल तर जरूर घ्या. पण तोच पैसा आधी वेगळ्या अलगीकरण टाकीवर खर्च करावा, असे माझे स्पष्ट मत. आपल्याकडे विकले जाणारे पुष्कळसे मासे चेन्नई आणि कोलकात्याकडून ऑक्सिजन भरलेल्या पिशव्यांतून येतात. पावसात हा प्रवास लांबतो आणि मासे आधीच थकलेले असतात. कुर्ल्याहून किंवा क्रॉफर्ड मार्केटमधून आणलेली पिशवी थेट टाकीत ओतू नका. पिशवी पंधरा-वीस मिनिटे पाण्यावर तरंगत ठेवा, मासे जाळीने उचला, पिशवीतले पाणी मोरीत ओता आणि नवे मासे दोन ते तीन आठवडे वेगळे ठेवा.

बसवताना

क्रम असा ठेवा : पंप, गाळणी, मग यूव्ही, मग टाकी. यूव्ही गाळणीच्या आधी बसवला तर विष्ठेचे कण आणि गाळ किरणांच्या आड येतात, जंतू त्यांच्या सावलीत सुखरूप निघून जातात. पावसाळ्यात हे जास्त जाणवते. गाळणीतला कापूस या दिवसांत नेहमीपेक्षा लवकर धुवा, पण नळाच्या क्लोरीनच्या पाण्यात नव्हे, टाकीतून काढलेल्या पाण्यात. गाळणीतल्या चांगल्या जीवाणूंची काळजी नको. ते स्पंजला चिकटून राहतात आणि दिव्याकडे जात नाहीत.

सगळ्यात जास्त चूक होते ती पाण्याच्या वेगात. पाणी जितके हळू जाईल तितका वेळ किरण मिळतात. तरंगत्या शेवाळाला थोडी मात्रा पुरते, इचच्या पिल्लाला तिच्या कित्येक पट लागते. खोक्यावर मोठ्या अक्षरात असतो तो आकडा बहुधा शेवाळासाठीचा. आतल्या पत्रकात परजीवींसाठीचा वेगळा आणि बराच कमी प्रवाह दिलेला असतो, तो बघा. पत्रकच नसेल तर ते यंत्र घेऊ नका.

पंपावर लिहिलेला प्रवाहही धरू नका, कारण नळ्या, वळणे आणि उंचीमुळे तो घटतो. टाकीत परतणारी नळी १० लिटरच्या बादलीत सोडा आणि मोबाइलवर वेळ लावा. बादली २ मिनिटांत भरली तर तासाला ३०० लिटर, १ मिनिटात भरली तर ६००. वेग जास्त निघाला तर पंप बदलू नका, गाळणीला पाणी जोरातच हवे असते. गाळणीनंतर टी (इंग्रजी T आकाराचा नळीचा जोड) लावून दोन फाटे करा. यूव्हीच्या फाट्यावर वाल्व्ह बसवून तो प्रवाह कमी करा, बाकीचे पाणी दुसऱ्या फाट्याने थेट टाकीत जाऊ द्या. सम्पवाल्यांनी मात्र हा फाटा काढू नये. तिथे सगळे पाणी दिव्याखालूनच जायला हवे, त्यामुळे यंत्रच पूर्ण प्रवाहाच्या मापाचे घ्यावे लागते.

सुरक्षेत हयगय नको. पेटता दिवा उघड्या डोळ्यांनी कधीच बघू नका, डोळे आणि कातडी भाजते. झाकण काढण्याआधी प्लग ओढा. तार सॉकेटपेक्षा खाली लोंबती येऊन मग वर जाईल अशी ठेवा, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे पाणी बोर्डात शिरत नाही. अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर आधी तो बसवून घ्या, यूव्ही नंतर.

नळाचे पाणी, वीज आणि देखभाल

पावसाळ्यात नळाच्या पाण्यात क्लोरीन वाढवलेले असते. यूव्हीने क्लोरीन जात नाही. सोडियम थायोसल्फेट किंवा दुकानातले अँटिक्लोरीन लागतेच. पाणी ड्रममध्ये दिवसभर निवळू द्या आणि वरचे वरचे घ्या. तुरटी फिरवायची सवय टाकीच्या पाण्याला बरी नाही, तिने सामू (पीएच) उतरतो. पत्र्यावरून धरलेले पावसाचे पाणीही नको, त्यात क्षार जवळजवळ नसतात आणि सामू अचानक कोसळू शकतो.

वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर आधी एअर पंप, मग गाळणी. यूव्ही सर्वांत शेवटी, नसला तरी चालेल. फक्त पंप आणि यूव्ही एकाच स्विचवर घ्या. पंप बंद आणि दिवा चालू राहिला तर आत अडकलेले पाणी तापते आणि क्वार्ट्झ तडकू शकते. वीज वाचवायला दिवा दिवसातून पाच-सहा वेळा बंद-चालू करण्यात फायदा नाही, त्याने दिव्याचे आयुष्य घटते.

दिवा साधारण ८,००० ते ९,००० तास उपयोगी असतो, म्हणजे अखंड चालवला तर वर्षभर. त्यानंतरही तो पेटतो, निळा दिसतो, पण उपयोगाचे किरण क्षीण झालेले असतात. बदलल्याची तारीख यंत्रावर मार्करने लिहा, आणि शक्यतो मे अखेरीस बदला, म्हणजे पावसाळ्याला ताजा दिवा मिळतो. बोअरचे जड पाणी असेल तर क्वार्ट्झवर पांढरा थर चढतो. महिन्यातून एकदा नळी काढून व्हिनेगरमध्ये किंवा लिंबूसत्वाच्या पाण्यात भिजवा, मऊ फडक्याने पुसा, साध्या पाण्याने धुवा. घासणी आणि साबण नको. जुन्या दिव्यात पारा असतो. तो कचऱ्यात न टाकता ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या. फुटला तर खिडक्या उघडा आणि तुकडे पुठ्ठ्याने गोळा करा, झाडू मारू नका.

ऑक्टोबरच्या उन्हात फार्महाउसवरच्या कोई तलावांचे पाणी हिरवे होऊ लागेल, आणि तिथे यूव्ही खरोखर लवकर गुण देतो. पाण्यात तरंगणारे शेवाळ काही दिवसांत नाहीसे होते, दगडांना चिकटलेले मात्र तसेच राहते. मेलेले शेवाळ कुजताना ऑक्सिजन खाते. त्या आठवड्यात पहाटे तलावाकडे एक फेरी मारा. मासे वर येऊन तोंड उघडझाप करत असतील तर कारंजे किंवा एअर पंप रात्रभर चालू ठेवा, खाणे निम्म्यावर आणा आणि पाव हिस्सा पाणी बदला.