आधी विचारा, मग द्या : प्राथमिक शाळेनं जनावरांसाठी आणि गल्लीतल्या माणसांसाठी मदतीचं काम कसं उभं करावं

होळीच्या दुसऱ्या दिवशी चौथीची बारा मुलं आणि पुरणपोळ्यांचं एक पोतं घेऊन मी एका गोठ्यावर गेले होते. 'होळी लहान करा, पोळी दान करा' हे आवाहन कोल्हापूरला नवं नाही. आमच्या मुलांनी गल्लीगल्लीतून पोळ्या गोळा केल्या, संध्याकाळी गरजू वस्तीत वाटल्या, तरी पोतंभर उरल्याच. मग गाईंना घालू, असं मीच सुचवलं. गोठ्यावरच्या काकांनी एक पोळी मोडून माझ्या हातावर ठेवली. "बाई, हे माणसाचं जेवण हाय. एका जनावरापुढं एवढं पडलं तर रातच्याला डॉक्टर बोलवायला लागंल." कणीक आणि गूळ एकदम पोटात गेलं की गाई-म्हशींच्या पोटात ते आंबतं, पोट फुगतं आणि वेळेत औषध मिळालं नाही तर जनावर दगावतं. मला हे माहीत नव्हतं. मुलं माझ्या तोंडाकडे बघत होती. परत येताना एकानं विचारलं, "बाई, आपण आधी इच्यारलं का न्हाई?"

पुढे आम्ही जे काही केलं ते या प्रश्नापासून सुरू झालं. तुमच्या शाळेला असं काम सुरू करायचं असेल तर आमच्या अनुभवातून क्रमानं सांगते.

पहिलं काम : विचारून येणं

पहिल्या वर्षी जून-जुलैमध्ये कुणाकडूनही काहीही गोळा करू नका. शाळा सुरू होऊन आठवडाभर झाला की 26 जून येतो, शाहू महाराजांची जयंती. ज्या राजानं 1917 साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, त्याच्या जयंतीला भाषणांबरोबर एक वही सुरू करा. त्या वहीत फक्त प्रश्न लिहायचे.

मुलांचे चार-पाच जणांचे गट करा आणि प्रत्येक गटाबरोबर एक शिक्षक किंवा पालक द्या. एक गट पशुवैद्यकीय दवाखान्यात जाईल, एक पांजरपोळात, एक गल्लीतल्या गवळ्याकडे. माणसांची गरज कुणाला विचारायची? आशाताईंना आणि अंगणवाडीताईंना. कोणत्या घरात एकटी आजी राहते, कोण अंथरुणाला खिळलंय, कुणाच्या घरी बाळंतीण आहे, हे त्यांना पक्कं माहीत असतं. आमच्या वहीत पहिल्या वर्षी आलेली उत्तरं मला अजून आठवतात. पांजरपोळात मुलांनी "काय आणू?" म्हणून विचारलं तर उत्तर आलं, "जुनी पोती, जुन्या चादरी आणि वैरण. खाऊ नको." आशाताई म्हणाल्या, "तांदूळ द्याच, पण त्या आजींचा चष्मा मोडलाय, तो आधी बघा." चष्म्याचं आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात येणं शक्यच नव्हतं.

शाळेची परवानगी आणि घरची संमती

हे पटकन उरका, पण टाळू नका. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत विषय मांडून ठराव लिहून घ्या. या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात, त्यामुळे तिथं पटलं की अर्धं काम झालं. मुलं शाळेबाहेर जाणार असतील तर प्रत्येक वेळी पालकांची सही असलेली चिठ्ठी हवी. कुणावरही सक्ती नको. कोणी काय आणलं याची यादी वर्गात वाचून दाखवू नका. ज्याच्या घरी द्यायला काही नाही, त्यानं फळा पुसावा, पोतं धरावं, हिशेब लिहावा. ते कामही तेवढंच मोठं आहे.

मूठभर धान्य : मोजून

मुलांकडून पैसे घेऊ नका, असं माझं ठाम मत आहे. पैसे मागितले की मूल घरी हट्ट धरतं आणि रोजंदारीवरच्या आईला ते नको तेव्हा अवघड जातं. मूठ मात्र प्रत्येक घरात निघते.

आम्ही पोषण आहाराच्या स्वयंपाकघरातला काटा वर्गात आणला. तिसरीतल्या मुलाच्या मुठीत साधारण 25 ते 30 ग्रॅम तांदूळ मावतात. चाळीस मुलांच्या मुठी एकत्र केल्या की किलोभर होतात. हे गणित मुलांनी स्वतः फळ्यावर मांडलं, तेव्हा एक मुलगी स्वतःच्या मुठीकडे कितीतरी वेळ बघत बसली होती. ती पुढच्या शनिवारी मूठ गच्च आवळून, एक दाणा न सांडता, घरापासून चालत आली.

एक व्यवहाराची गोष्ट. सगळं धान्य एकाच डब्यात टाकायला लावलं तर ज्वारी, तांदूळ, डाळ एकत्र होतं आणि निवडण्यात बायकांचा दिवस जातो. म्हणून शनिवार वाटून घ्या : पहिला तांदळाचा, दुसरा ज्वारीचा, तिसरा गव्हाचा, चौथा डाळीचा. डब्यात कडुनिंबाचा वाळलेला पाला टाका आणि महिन्याच्या आत धान्य पोचवा, नाहीतर टोके पडतात. धान्य घेऊन जाताना वर्गाची मिरवणूक नेऊ नका. दोन मुलं आणि एक बाई पुरेत. आजींना "कशी आहे तब्येत" विचारावं, पाणी प्यावं, निघावं. फोटो काढायचाच असेल तर पोत्याचा काढा. घेणाऱ्याचा चेहरा समाजमाध्यमावर टाकू नका. गल्लीत तिला रोज त्याच माणसांत वावरायचं असतं.

तुमची शाळा कारखान्याच्या परिसरात असेल तर नोव्हेंबर ते मार्च खोपीत राहणारी ऊसतोडवाल्यांची मुलं तुम्हाला दिसतील. त्यांच्यासाठी कपडे गोळा करण्याआधी त्यांना वर्गात बसवा. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं वर्ग आणि पुस्तक, तर 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्यानं दुपारचा आहार हा त्यांचा हक्क आहे, दान नव्हे. आपल्या मुलांनी त्यांच्याशेजारी बसणं ही सगळ्यात पहिली मदत. त्यांच्या बैलांसाठी पाण्याची टाकी भरून ठेवता आली तर ती दुसरी.

जनावरांना काय द्यावं, काय देऊ नये

यावर मी जरा जास्त थांबणार आहे, कारण चांगल्या मनानं केलेली चूक इथं जिवावर बेतते.

गाई-म्हशींना वैरण द्या : हिरवं गवत, शाळूचा कडबा, मक्याचा हिरवा चारा. मोठ्या जनावराला दिवसाला 15 ते 25 किलो ओली वैरण आणि वर पाच-सहा किलो सुकी लागते, तेव्हा मुलांनी नेलेल्या दोन पेंढ्यांनी एकाही म्हशीचं पोट भरत नाही. हे मुलांपासून लपवू नका. तालमीतल्या किंवा तरुण मंडळातल्या पोरांना सांगा. कोल्हापुरात टेंपोची सोय करणारं मंडळ प्रत्येक पेठेत सापडतं. गळीत हंगामात उसाचं वाडं, म्हणजे शेंड्याचा हिरवा पाला, भरपूर मिळतं, पण फक्त वाड्यावर जनावर ठेवू नये. त्यात ऑक्झॅलेट असतं आणि ते अंगातलं कॅल्शियम बांधून ठेवतं. दुसऱ्या वैरणीत मिसळूनच द्यायचं. शिळी चपाती, ब्रेड, शिजलेला भात, लग्नातलं उरलेलं जेवण, यातलं काहीही पोत्यानं न्यायचं नाही. आणि जे न्याल ते प्लास्टिकच्या पिशवीत नको. पिशवीला चिकटलेल्या अन्नासाठी जनावर पिशवीसकट गिळतं.

कुत्र्या-मांजरांना चॉकलेट, कांदा, लसूण, द्राक्षं, बेदाणे कधीही नाही. मोठ्या मांजराला दूध द्यायची आपली सवय आहे, पण पुष्कळ मांजरांना त्यानं जुलाब होतात. शाळेच्या फाटकाजवळ भटक्या कुत्र्यांना खायला घालू नका. सर्वोच्च न्यायालयानंही 2025 मध्ये ठरवून दिलेल्या जागीच खायला घालण्याचे निर्देश दिलेत. मुलांना जवळ जायचं मन होतं, कुत्रा खायला मिळेल म्हणून दप्तराकडे झेपावतो आणि मग गडबड होते. कुत्र्यांसाठी काही करायचंच असेल तर निर्बीजीकरण आणि लसीकरणासाठी महापालिकेला मुलांच्या सह्यांचं पत्र लिहा. पत्रलेखन तसंही अभ्यासक्रमात आहे.

परिपाठात महिन्यातून एकदा हे म्हणून घ्या : अनोळखी कुत्र्याला हात लावायचा नाही, खाताना किंवा पिलांजवळ असताना तर मुळीच नाही. चावा किंवा नुसता ओरखडा लागला तरी लगेच मोठ्यांना सांगायचं. जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं 15 मिनिटं धुवायची, वर हळद, चुना, मिरची काही लावायचं नाही आणि त्याच दिवशी सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय) सारख्या सरकारी दवाखान्यात लस घ्यायची. मार खाण्याच्या भीतीनं मुलं ओरखडा लपवतात. म्हणून "सांगितलंस ते बरं केलंस" हे वाक्य आपल्या तोंडी आधीपासून असावं.

दोन नंबर वर्गाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लावा. गाय, म्हैस, शेळी आजारी किंवा जखमी असेल तर 1962, हा फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा. साप, घुबड, जखमी घार असं काही दिसलं तर 1926, हा वन विभागाचा. मुलांनी जनावर उचलायचं नाही. लांब उभं राहायचं, मोठ्यांना फोन करायला सांगायचं आणि गर्दी हटवायची.

पक्ष्यांचं पाणी

सगळ्यात सोपं आणि सगळ्यात लवकर बंद पडणारं काम. फेब्रुवारीअखेर कुंभाराकडून मातीची पसरट परळं आणा. दोन-तीन इंचांपेक्षा खोल नकोत, नाहीतर चिमणी बुडते. मधे एक खडबडीत दगड ठेवा. सावलीत, मांजराला उडी मारता येणार नाही अशा उंचीवर ठेवा. रोज सकाळी पाणी बदला आणि काथ्यानं घासा. डासाची अंडी ते डास हा प्रवास आठ-दहा दिवसांत होतो, त्यामुळे साठलेलं पाणी विसरलं तर पक्ष्यांच्या नावानं डेंग्यूची सोय होते. आमच्या पिंपळाखालच्या परळावर पहिले चार दिवस कोणीच आलं नाही. पाचव्या दिवशी एक बुलबुल आला, कडेवर बसला, मान तिरकी करून पाण्याकडे बघितलं, चोच बुडवली. तिसरीचा पूर्ण वर्ग खिडकीला चिकटला होता आणि कोणीही आवाज केला नाही.

पुराची तयारी, पाऊस सुरू व्हायच्या आधी

कोल्हापुरातल्या शाळेनं हे वगळून चालणार नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट. जुलै-ऑगस्टमध्ये रोजची पातळी मुलांनी फळ्यावर लिहावी. 39 ला पाणी टेकलं की वर्गातली मुलं आपापल्या घरी सांगतात, "दावी सैल करा, जनावरं वर न्या." ऑगस्ट 2019 च्या पुरात शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला आणि शहरात बाहेरून काही यायचं थांबलं. चिखली, आंबेवाडीच्या लोकांना घरदार सोडावं लागलं. बांधलेली जनावरं पाण्यात गेली. त्या वेळी आम्हीही कपड्यांचे ढीग गोळा केले होते. फाटके, उसवलेले, उन्हाळ्यातले, सगळे एकत्र. ते वाटायलाही कोणाला वेळ नव्हता आणि पुष्कळसे भिजून कुजले. पूरग्रस्तांनी मागितलं होतं ते वेगळंच : पिण्याचं पाणी, मेणबत्त्या, सॅनिटरी पॅड, जनावरांना सुकी वैरण, साफसफाईला खराटे आणि फिनेल.

म्हणून आता जूनमध्येच एका कोरड्या खोलीत खराटे, बादल्या, साबण, पॅड असं थोडं जमा असतं. प्रत्येक खोक्यावर आत काय आहे ते लिहिलेलं असतं. कपडे आम्ही घेतच नाही, फक्त न वापरलेल्या चादरी घेतो. आणि पूर ओसरल्यावरचा दुसरा महिना धरून चाला. पहिल्या आठवड्यात सगळे येतात. चिखल वाळल्यावर भिजलेल्या वह्या-पुस्तकांची गरज मागं उरते आणि ती शाळेइतकी कुणाला कळणार?

हिशेब फळ्यावर

आत आलेली प्रत्येक वस्तू आणि बाहेर गेलेली प्रत्येक वस्तू चौथीच्या मुलांनी लिहावी, दोघांनी मोजावी, तिसऱ्यानं सही करावी. महिन्याच्या शेवटी फळ्यावर दोन रकाने : आलं, गेलं. काही पालकांनी पैसेच दिले तर ते शाळेत ठेवू नका. त्यांच्याकडून थेट संस्थेला द्यायला लावा आणि पावतीची प्रत वहीत चिकटवा. आमच्या वहीत एकदा साडेतीन किलो ज्वारी कमी भरली. मुलांनी दोन दिवस शोधली. शिपाईमामांनी शेजारच्या घरातल्या म्हातारबाबांना परस्पर नेऊन दिली होती. मुलांनी मामांना बोलावून ती नोंद त्यांच्याच हातून लिहून घेतली.

सुट्टी

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात दोन गोष्टी ठरवा. चौथीची मुलं शाळा सोडणार, तेव्हा वही तिसरीच्या हातात द्यायची. कुणाच्या घरी काय लागतं, कोणत्या आजींना कमी ऐकू येतं, पांजरपोळात कुणाला भेटायचं, हे त्यांनी नव्या मुलांना बरोबर नेऊन दाखवायचं. आणि मे महिन्यात परळं भरायची कोणी? शाळेजवळ राहणाऱ्या सहा मुलांची नावं वारांप्रमाणे लिहून फाटकावर चिकटवा, रविवारचा शिपाईमामांना सांगा. किल्ली कुठं टांगलेली असते ते त्या सहाही जणांना आताच दाखवून ठेवा.