आन द मोंमोरांसी ही बाई नव्हे : फ्रेंच सरदारांवर मराठीत लिहिताना या चुका टाळा

‘आन द मोंमोरांसी ही राजा पहिल्या फ्रांस्वाची बालमैत्रीण होती.’ हे वाक्य थोड्याफार फरकाने मी आजवर चार जणांच्या मजकुरात वाचलं आहे. चौघांपैकी एकालाही शंका आली नाही. ही बालमैत्रीण मोठी होते, पाव्हियाच्या लढाईत कैद होते, सगळ्या फौजेची प्रमुख होते, चौऱ्याहत्तराव्या वर्षी घोड्यावर बसून लढते, आणि लिहिणारा शांतपणे ‘ती’, ‘तिने’, ‘तिला’ करत पुढे जातो.

आन हा बाप्या होता, सोळाव्या शतकातला फ्रान्सचा सरसेनापती. जन्म १५ मार्च १४९३, गाव शांतियी. फ्रान्सची राणी, ब्रिटनीची आन, ही त्याची धर्ममाता. तिचंच नाव त्याला ठेवलं. त्या काळी हे नाव मुलग्यांनाही चालायचं. पुढे तिसऱ्या आंरी राजाच्या खास मर्जीतला आन द झ्वायोझ, तोही पुरुषच. एवढ्याने समाधान होत नसेल तर लुव्र संग्रहालयात लेओनार लिमोझँने १५५६ साली मिनाकारीत काढलेलं मोंमोरांसीचं चित्र आहे, त्यातली दाढी पाहून या.

इंग्रजीतून उचललेल्या मजकुरात ही चूक दोन-तीन ओळी दडून राहू शकते. मराठीत ती सोय नाही. आपलं क्रियापदच चुगली करतं. गेला की गेली, हे पहिल्याच वाक्यात ठरवावं लागतं.

एका होतकरू अनुवादक मुलीने मला चौदा पानं पाठवली होती. सहाव्या पानावर आलं, ‘तिची पत्नी मादलेन’. इथे तरी माणूस थांबेल की नाही? बाई थांबल्या नाहीत. मी समासात लाल शाईने लिहिलं, ‘हा पुरुष आहे, सगळं पुन्हा वाच.’ दुसऱ्या दिवशी सकाळी सुधारलेली प्रत हजर. इतक्या लवकर आली तेव्हाच माझ्या पोटात गोळा आला. तिने काय केलं होतं? संगणकाला सांगितलं, ‘ती’ दिसेल तिथे ‘तो’ कर. संगणकाने इमानेइतबारे केलं. आन फ्रान्सचा ‘सेनापतो’ झाला. त्याच्याबद्दलची ‘माहितो’ आली. सैन्याने ‘मातो’ खाल्ली. ‘ती लढली होती’चं झालं ‘तो लढली होतो’. आणि ‘तिने’, ‘तिला’ यांतला ति ऱ्हस्व, म्हणून ते सगळे जागच्या जागी. वर कहर म्हणजे आनच्या आईचंही नाव आन होतं, आन पो. तीसुद्धा या झपाट्यात ‘तो’ झाली. त्या प्रतीत एका पुरुषाने एका पुरुषाला जन्म दिला होता.

ती प्रत मी अजून जपून ठेवली आहे. दहा मिनिटं वाचवायला गेलं की दोन दिवस जातात, हे कुणाला पटवायचं असलं की ती उघडून दाखवतो.

माझा उपाय साधा आहे. पहिलं वाक्य लिहिण्याआधी एक पाठकोरा कागद घेतो आणि पेन्सिलने वंशवेल काढतो. प्रत्येक नावापुढे पु. किंवा स्त्री., आई, बाप, नवरा-बायको, जन्म-मृत्यूचं साल. त्यासाठी संगणकावर चांगल्या सोयी आहेत म्हणे. असतील. मला खोडरबर लागतं.

आता मला नेहमी भेटणारी दुसरी खास चूक. ‘अ‍ॅडमिरल कोलिन्यीचे काका आन द मोंमोरांसी.’

काका कसले? आनची बहीण लुईझ. तिचा दुसरा नवरा गास्पार द कोलिन्यी, आणि त्यांचे तीन मुलगे म्हणजे सोळाव्या वर्षी कार्डिनल झालेला ओदे, अ‍ॅडमिरल झालेला दुसरा गास्पार आणि दांदलो. म्हणजे आन त्यांचा मामा. इंग्रजीत एकाच शब्दात काका, मामा, आतोबा, मावसोबा सगळे कोंबलेले असतात. तो शब्द दिसला की नवशिके डोळे मिटून ‘काका’ ठोकतात, आणि भाच्याचा पुतण्या होतो. काका असता तर भाच्यांचं आडनाव मोंमोरांसी नसतं का, एवढासाही विचार नाही.

आणि हा नुसता शब्दाचा कीस नाही. मामा लिहिलंत की अख्ख्या कहाणीचा रंग बदलतो. थोरला गास्पार १५२२ साली वारला, तेव्हा ही मुलं लहान होती. मामाचं दरबारात वजन होतं, त्याच्या वशिल्याने ती वर चढली. पुढे तिघेही भाचे प्रोटेस्टंट पंथाकडे गेले, मामा कट्टर कॅथलिक राहिला. १५६१ साली तो गीझचा ड्यूक आणि मार्शल सेंतांद्रे यांना जाऊन मिळाला. त्या तिघांची युती म्हणजे इतिहासातलं त्रिकूट. १५६२ च्या डिसेंबरात द्रोच्या लढाईत मामा भाच्यांच्या पक्षाकडून कैद झाला. त्याच दिवशी प्रोटेस्टंटांचा पुढारी कोंदे कॅथलिकांच्या तावडीत सापडला, तोही आनच्या मुलाच्या, दांव्हीलच्या, हाती. आनचा आणखी एक मुलगा, गाब्रिएल, तिथेच पडला. आणि कोंदेची बायको एलेओनोर कोण? आनच्या बहिणीची नात. म्हणजे कोंदे हा घरातलाच जावई. १५६७ साली सें-दनीला मामा शेवटचा लढला तेव्हाही समोर कोंदे आणि कोलिन्यीच होते. या लढायांना ‘धर्मयुद्ध’ म्हणून मोकळं होणाऱ्यांनी एकदा ही नाती मराठीत मोठ्याने वाचावीत. भाऊबंदकी काय असते हे आपल्याला कुणी शिकवायला नको. फक्त इथे ती सोयरिकीतून आली होती.

याच्याच पोटातली चूक म्हणजे बाप कॅथलिक म्हणून सगळं घराणं कॅथलिक पक्षाचं धरणं. त्याच दांव्हीलने बापाच्या मागे लांगदॉक प्रांतात प्रोटेस्टंटांशी हातमिळवणी केली. मेर्यू आणि तोरे हे त्याचे भाऊ राजाविरुद्ध उठलेल्या ‘असंतुष्ट’ नावाच्या गटात सामील झाले.

दांव्हील, मेर्यू, तोरे ही नावं वाचून तुम्हाला तीन परकी माणसं वाटली असतील तर दोष तुमचा नाही. हे सगळे आनचेच मुलगे. ज्याच्या वाट्याला जी जहागीर, त्या जहागिरीचं नाव त्याला. थोरला भाऊ फ्रांस्वा १५७९ साली वारला, तेव्हा दांव्हीलच मोंमोरांसी झाला. त्यामुळे कागदात नुसतं ‘मोंमोरांसी’ आलं की मी आधी साल बघतो. १५६७ पर्यंत आन, १५७९ पर्यंत फ्रांस्वा, १६१४ पर्यंत आंरी (पूर्वीचा दांव्हील), आणि तिथून १६३२ पर्यंत त्याचा मुलगा दुसरा आंरी. हा तक्ता भिंतीवर चिकटवा. ‘पेशव्यांनी हुकूम दिला’ हे वाचल्यावर आपण कोणते पेशवे असं विचारतोच ना?

‘दुसरा आंरी’ हेही एक दुखणं आहे. राजा दुसरा आंरी, मोंमोरांसी दुसरा आंरी आणि या मोंमोरांसीचा मेहुणा, कोंदेचा राजपुत्र, दुसरा आंरी. तिघांची गल्लत झाली तर १६३२ साली तुलूझमध्ये शिरच्छेद कुणाचा झाला हे वाचकाला शेवटपर्यंत कळत नाही. (मोंमोरांसीचा. राजाचा मुख्य मंत्री रिशल्यू याच्याविरुद्ध बंड केलं म्हणून.) आकड्याच्या भरवशावर राहू नका, प्रत्येक वेळी घराणं लिहा.

मग हवालदार. ‘१५३८ साली मोंमोरांसीला कॉन्स्टेबल पदावर बढती मिळाली.’ वाचकाच्या डोळ्यांसमोर चौकातला शिट्टीवाला उभा राहतो. एका गृहस्थांनी तर सरळ ‘फ्रान्सचा हवालदार’ लिहिलं, आणि मी खोडल्यावर वाद घातला की शिवकाळात हवालदार म्हणजे गडाचा अधिकारी असे. मुद्दा हुशारीचा होता, पण गडाचा अधिकारी आणि राज्याच्या साऱ्या सैन्याचा प्रमुख यांत फरक आहे. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ पागेचा मुख्य. तिथून चढत चढत हे पद राजाच्या खालोखाल गेलं. मार्शल त्याच्या हाताखाली, आणि समारंभात राजापुढे नागवी तलवार धरण्याचा मान त्याचा. मी पहिल्यांदा ‘सरसेनापती (कोनेताब्ल)’ लिहितो, पुढे नुसतं कोनेताब्ल. आनच्या मागे २६ वर्षं हे पद रिकामं राहिलं, १५९३ मध्ये ते त्याच्या मुलाला, आंरीला मिळालं, आणि १६२७ मध्ये पदच मोडीत निघालं.

त्या १५३८ बद्दलही एक सांगायचं आहे. जुन्या कागदांत हीच नेमणूक १५३७ च्या फेब्रुवारीतली दिसेल. घाईत असलेला माणूस म्हणतो, ‘साधनांत एकवाक्यता नाही.’ एकवाक्यता आहे, तुमचं पंचांग चुकलंय. तिथे वर्ष ईस्टरला बदलायचं, म्हणून जानेवारी-फेब्रुवारी मागच्या सालात पडत. १ जानेवारीपासून वर्ष मोजायचा हुकूम १५६४ साली निघाला. मराठी माणसाला हे चटकन कळायला हवं. शके १५५१ च्या फाल्गुनात १६३० लागलेलं असतं, तेव्हा ७८ नाही, ७९ मिळवायचे, हे आपण शाळेत असल्यापासून ऐकतो. तोच हिशेब. फ्रेंच कागदावर जानेवारी ते ईस्टरमधली तारीख दिसली की मी समासात एक टिंब देतो आणि मगच पुढे सरकतो.

बाकीच्या चुका किरकोळ, पण त्या रोज भेटतात.

पाव्हियाच्या लढाईत, १५२५ साली, आनला ‘ड्यूक’ करू नका. ड्यूक तो १५५१ मध्ये झाला.

१५४१ साली राजाची मर्जी गेली, त्याला ‘हद्दपारी’ म्हणू नका. दरबार सोडून तो आपल्या जहागिरीत बसला. १५४७ ला नवा राजा आला आणि हा परत हजर.

आनचा सासरा रने हा साव्हॉयच्या ड्यूकचा लेकावळा. फ्रेंचमध्ये त्याला ज्या बिरुदाने ओळखत, त्याचा इंग्रजी शब्द आपल्याकडे शिवी आहे. एकाने तो तसाच छापला. अनौरस म्हणा, लेकावळा म्हणा, पण शिवी देऊ नका. हा रने राजमाता लुईझची सावत्र भावंडं मोजताना येतो, आणि आनचं लग्न दरबारात किती वजनदार होतं ते तिथे कळतं.

थोरली सून दियान द फ्रान्स ही राजा दुसऱ्या आंरीची मुलगी, पण त्याची रखेल दियान द प्वातिए हिची नव्हे. दुसरी सून आंत्वानेत मात्र खरंच दियान द प्वातिएची नात. दोघींची खिचडी नेहमी होते. थोरल्या मुलाने, फ्रांस्वाने, आधी एका मुलीला गुपचूप लग्नाचं वचन देऊन ठेवलं होतं. ते मोडता यावं म्हणून राजाने १५५७ मध्ये चोरून केलेल्या लग्नांविरुद्ध फर्मानच काढलं, आणि मेमध्ये त्याचं दियानशी लग्न लागलं. तेव्हा ‘प्रेमविवाह’ लिहिणाऱ्यांनो, जरा जपून.

सें-दनीच्या रणांगणावर आन ‘ठार झाला’ असंही लिहू नका. १० नोव्हेंबरला जखमी झाला, १२ ला पॅरिसमध्ये वारला.

एकाच लेखात मोंमोरांसीला ‘तो’ आणि कोलिन्यींना ‘ते’ म्हणू नका. आदरार्थी बहुवचनातून तुमचा पक्ष उघडा पडतो.

आता मुली. मोंमोरांसी दांपत्याला बारा मुलं झाली, पाच मुलगे आणि सात मुली. नव्वद टक्के लेखांत मुलग्यांवर दोन पानं असतात आणि शेवटी ‘याशिवाय सात मुली’. मला या ओळीचा राग येतो. थोरली एलेओनोर त्युरेनच्या व्हायकाउंटला दिली. तिचा मुलगा बुइयोंचा ड्यूक, आणि त्याचा मुलगा मार्शल त्युरेन. मुलाकडच्या बाजूने बघाल तर आंरीची मुलगी शार्लोत-मार्गेरित कोंदेच्या घरात गेली. भावाचा शिरच्छेद झाल्यावर शांतियीची वास्तू पुढे तिच्याकडे आली, आणि तिचा मुलगा म्हणजे थोरला कोंदे. चौदाव्या लुईच्या काळातले सगळ्यांत गाजलेले दोन सेनानी, दोघेही आनचे पणतू, दोघेही घरातल्या लेकींकडून. १६५२ साली पॅरिसच्या वेशीवर ते एकमेकांवर तोफा डागत होते. ‘याशिवाय सात मुली’ लिहिणाऱ्याला हे दिसणारच नाही, कारण त्याची वंशवेल १६३२ ला तुलूझमध्ये संपलेली असते.

सेनापतोवाल्या मुलीचा परवा फोन आला. वंशवेल काढली होती म्हणे, पाठकोऱ्या कागदावर. “सर, आनचा फ्रांस्वा आणि कोलिन्यी आतेभाऊ लिहू की मामेभाऊ?”

“कुणाकडून लिहिते आहेस?”

जरा वेळ कागदाची सळसळ ऐकू आली.

“कोलिन्यीकडून.”

“मग फ्रांस्वा त्याचा मामेभाऊ.”