परिषदेचं वेळापत्रक: आधी चहा लिहा, मग भाषणं

परिषदेचं वेळापत्रक करायला बसलं की कागदावर पहिली उतरतात ती वक्त्यांची नावं. प्रत्येकाला अर्धा तास, आणि उरलेल्या फटींत चहा-जेवण. मीही बरीच वर्षं असंच केलं. एकदा साडेनऊचं उद्घाटन संपायला अकरा वाजले. आम्ही आयोजकांनी चहाचा ब्रेक रद्द केला आणि ‘चहा जागेवरच मिळेल’ असं माइकवरून जाहीर केलं. पुढच्या वक्त्याचं अर्धं भाषण कपबशांच्या खणखणाटात गेलं. तेव्हापासून मी कागदावर आधी ब्रेक लिहितो.

उदाहरणासाठी मुंबईतली एक दिवसाची राज्यस्तरीय परिषद घेऊ. माणसं ३००, हॉल एकच, तोही फोर्टात.

१. दिवसाची दोन टोकं गाडीवरून ठरवा

पुण्याहून येणारे बरेच जण डेक्कन क्वीनने येतात. ती पुण्याहून सकाळी ७.१५ ला सुटते, सीएसएमटीला साडेदहाच्या आसपास पोचते आणि संध्याकाळी ५.१० ला परत निघते. म्हणजे नऊला सुरू केलंत तर ही मंडळी नसतील, आणि चारनंतर त्यांचं लक्ष घड्याळाकडे असेल. म्हणून आपण १० ते ४.१५ धरू. सव्वासहा तास मिळाले. तुमच्या गावी गाडी नाही, तर शेवटची एसटी बघा. हिशेब तोच.

२. ब्रेकची लांबी नळावर मोजा

‘चहापान १५ मिनिटं’ हे छापायला सोपं आहे. चहाच्या थर्मासच्या एका नळाखाली मिनिटाला दहाएक कप भरतात. दोन नळ असले तर तीनशेवा माणूस पंधराव्या मिनिटाला कप हातात घेतो, आणि तेवढ्यात सूत्रसंचालक ‘कृपया आसनस्थ व्हा’ म्हणायला लागतो. एक तर चार नळ ठेवा किंवा कप आधीच भरून दोन कोपऱ्यांत टेबलं लावा. बिनसाखरेचा चहा वेगळ्या टेबलावर. टेबलं दारात नकोत, नाहीतर पहिले वीस जण तिथेच गप्पा मारत उभे राहतात आणि बाकीचे आतच अडकतात. स्वच्छतागृहं किती आहेत तेही आदल्या दिवशी बघून या. बायकांची रांग कायम लांब असते आणि वेळापत्रकात ती कधीच दिसत नाही. एवढं सगळं धरून सकाळच्या चहाला २५ मिनिटं, दुपारच्या चहाला २०.

जेवणाचंही असंच. बुफेच्या एका रांगेतून मिनिटाला पाचेक माणसं पुढे सरकतात. दोन टेबलं, दोन्ही बाजूंनी वाढप, म्हणजे चार रांगा. शेवटच्या माणसाचं ताट भरायला पंधरा मिनिटं लागतात. मग जेवण, हात धुणं, बडीशेप. तासाच्या खाली येऊ नका.

आणि हे ब्रेक वाया जातात असं समजू नका. हॅरिसन ओवेन या अमेरिकी आयोजकाने मोठ्या खटपटीने परिषद भरवली, आणि लोकांनी सांगितलं की सगळ्यात उपयोगी काय होतं, तर कॉफीचे ब्रेक. त्यातूनच त्याने १९८० च्या दशकात ‘ओपन स्पेस’ ही बैठकीची पद्धत काढली.

३. उद्घाटनाला कुंपण घाला

वेळ गळते ती इथे. एसीच्या झोताखाली समईच्या पाच वाती पेटेपर्यंत अर्धी काडेपेटी संपते. मग शाल-श्रीफळ. एका सत्काराला दोन मिनिटं धरली तरी बारा सत्कारांना २४ मिनिटं गेली. व्यासपीठावर फक्त प्रमुख पाहुण्यांचा सत्कार करा, वक्त्यांचा ज्याच्या त्याच्या सत्रात. एकूण अर्धा तास. त्यानंतर लगेच चहा ठेवला की पुण्याची मंडळी चहालाच येऊन मिसळतात, कुणाच्या भाषणात मधूनच खुर्च्या सरकत नाहीत.

४. आता सत्रं बसवा

‘टेड’ या प्रसिद्ध परिषदेतल्या व्याख्यानांना १८ मिनिटांची मर्यादा असते, ती आपल्यालाही चालते. १८ बोलणं, ७ प्रश्न, ५ बदलाची: माइक, सत्कार, पुढच्याची स्लाइड. असा अर्ध्या तासाचा एक वक्ता. वक्त्याला मात्र ‘अर्धा तास’ सांगू नका, ‘अठरा मिनिटं’ सांगा. सलग दीड तासाच्या वर कुणाला बसवू नका.

१०.०० उद्घाटन
१०.३० चहा
१०.५५ बीजभाषण, प्रश्नांसह ४० मिनिटं
११.३५ पाय मोकळे करायला १० मिनिटं
११.४५ दोन वक्ते
१२.४५ जेवण
१.४५ गटचर्चा, ५५ मिनिटं
२.४० चहा
३.०० तिसरा वक्ता
३.३० परिसंवाद, ४० मिनिटं
४.१० आभार

सव्वासहा तासांतले मुख्य सत्रांना पावणेचारच उरले. आयोजक समितीत यावर भांडण होईल, होऊ द्या.

जेवणानंतर गटचर्चा मुद्दाम ठेवली आहे. दुपारी शरीराची लय मंदावतेच, जेवण हलकं असलं तरी. जिलबी-मठ्ठ्याच्या पंगतीनंतर पावणेदोनला आकडेवारीचं भाषण ठेवणाऱ्याने ते स्वतः पहिल्या रांगेत बसून ऐकावं. परिसंवादात तिघेच बोलावा. पाच जण बोलावले तर मनोगतंच होतात, वाद होत नाही.

५. घड्याळ कुणाच्या हातात?

सूत्रसंचालकाच्या नको, त्याला आधीच बरीच कामं असतात. पहिल्या रांगेत एक जण ‘५’, ‘२’ आणि ‘थांबा’ अशा तीन पाट्या घेऊन बसू दे. वयाने किंवा मानाने मोठ्या वक्त्याला पाटी दाखवायची हिंमत होत नसेल, तर सत्राध्यक्षांशी आदल्या दिवशी फोनवर बोलून ठेवा. त्यांनी उठून शेजारी उभं राहिलं तरी पुरतं. सगळ्यांच्या स्लाइड आदल्या संध्याकाळीच एका लॅपटॉपवर घ्या.

उशीर होणारच. तेव्हा काय कापायचं ते आदल्या रात्री ठरवा: आधी वक्त्यांचे परिचय, मग परिसंवादातली सुरुवातीची मनोगतं. चहाला आणि प्रश्नांना हात लावू नका.

वेळापत्रकाची पहिली प्रत केटररला द्या. त्याच्या पोरांनी १०.२० ला कप भरायला घेतले, तरच १०.५५ ला हॉल भरलेला दिसेल.